रुग्णपत्रिका संगणकात, दायित्व कोणाच्या पदरी?

दुकानाचे भाडेपत्र करताना आपण ते वकिलाकडून दोनदा वाचून घेतो. औषधनिर्मात्याशी घाऊक खरेदीचा व्यवहार ठरविताना मुदतबाह्य माल परत घेण्याची अट तपासल्याशिवाय कोणताही औषधालयचालक सही करीत नाही. परंतु ज्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो रुग्णांची नावे, दूरध्वनी क्रमांक, व्याधीचे निदान आणि औषधयोजना साठविली जाते, त्याचा करार मात्र ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर एक टिचकी मारून पुरा होतो. त्या करारात काय लिहिले आहे हे सांगू शकणारा वैद्य विरळाच.

पनवेल परिसराला आयुर्वेदाची परंपरा नवी नाही. श्री धूतपापेश्वर ही औषधनिर्मिती संस्था येथे १८७२ मध्ये स्थापन झाली, आणि योगायोग असा की भारतीय करार अधिनियमही त्याच वर्षीचा आहे. आज सॉफ्टवेअर कंपनीशी होणारा करारही त्याच जुन्या अधिनियमाच्या चौकटीत वाचला जातो. नवे आहे ते व्यवसायाचे स्वरूप. विचुंबे हे त्याचे जवळचे उदाहरण. नवीन पनवेलच्या लगतच्या या गावात भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, इमारतींच्या तळमजल्यावर चिकित्सालये व औषधांची दुकाने आली, आणि त्यांच्या टेबलावर रुग्णांच्या वहीची जागा संगणकाने घेतली. प्रकृती, दोषावस्था, पंचकर्माच्या नोंदी, बिले, औषधसाठा हे सारे आता भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि ते सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालते तो कोणत्या शहरात आहे हेही आपणांस ठाऊक नसते.

समजा, अशा एका चिकित्सालयात चार हजार रुग्णांच्या नोंदी आहेत आणि सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क बारा हजार रुपये आहे. एके सकाळी पडद्यावर खंडणीची मागणी झळकते. सर्व नोंदी कुलूपबंद झालेल्या असतात, आणि काही नोंदींची नक्कल बाहेर गेल्याचेही कळते. बंद राहिलेले काम, तज्ज्ञाचे शुल्क, रुग्णांना कळविण्याचा खर्च, वकिलाचा सल्ला आणि वंध्यत्वावरील उपचारांची माहिती उघड झाल्याबद्दल एखाद्या दांपत्याने मागितलेली भरपाई असा एकंदर भार चार लाख रुपये धरू. सॉफ्टवेअर कंपनीकडे विचारणा केली असता ती करारातील एका कलमाकडे बोट दाखविते: कोणत्याही कारणाने झालेल्या हानीबद्दल कंपनीचे एकूण दायित्व मागील बारा महिन्यांत भरलेल्या शुल्काइतकेच राहील. म्हणजे बारा हजार. उरलेल्या तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचे काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा उरलेला भाग आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले असले, तरी शुल्काइतक्या दायित्वमर्यादेचे कलम या व्यवसायात सर्रास आढळते.

न्हावा शेव्याचा धडा

असे काही आपल्या भागात कसले घडते, असे कोणास वाटेल. २७ जून २०१७ रोजी येथून तासाभराच्या अंतरावरील न्हावा शेवा बंदरात हे घडले. जवाहरलाल नेहरू बंदरातील एक मोठे कंटेनर टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवीत होती. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्कची जगभरची संगणकव्यवस्था बंद पाडली आणि न्हावा शेव्यातील टर्मिनलचे कामही ठप्प झाले. बंदरावर कोणी हल्ला चढविला नव्हता. हा प्रोग्राम मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला होता. युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरावयाच्या सॉफ्टवेअरमुळे उरणच्या किनाऱ्यावरील क्रेन थांबल्या. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर इतके सांगितले. सुमारे पंचेचाळीस हजार संगणक व चार हजार सर्व्हर नव्याने उभारावे लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

व्याधीचा आगंतु हेतू जसा बाहेरून येतो तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तो आपल्या विश्वासातील पुरवठादाराच्या दारातून येतो. म्हणूनच पुरवठादाराशी केलेला करार महत्त्वाचा ठरतो.

त्याच हल्ल्यात मर्क या अमेरिकी औषधनिर्मात्या कंपनीचे चाळीस हजारांहून अधिक संगणक निकामी झाले आणि सुमारे एक अब्ज चाळीस कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचा दावा तिने केला. मर्ककडे मालमत्तेचा ‘सर्व जोखीम’ विमा होता. विमा कंपन्यांनी पैसे देण्यास नकार दिला. हा हल्ला रशियाच्या सैन्याने केलेला आहे, अतएव विमापत्रातील युद्धविषयक अपवर्जन लागू होते, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी हल्ल्याचा ठपका रशियाच्या सैन्यावर अधिकृतपणे ठेवला होता, म्हणून या म्हणण्याला आधारही होता. तरीही न्यू जर्सी राज्यातील न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मर्कच्या बाजूने निर्णय दिला. युद्ध या शब्दाचा रूढ अर्थ सशस्त्र संघर्ष असा आहे आणि संगणकीय हल्ले वगळावयाचे होते तर विमा कंपन्यांनी तसे लिहावयास हवे होते, असे त्यामागील सूत्र. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि जानेवारी २०२४ मध्ये उभय पक्षांनी तडजोड केली. नुकसान २०१७ चे, निकाली निघाले २०२४ मध्ये. सात वर्षे लढण्याचे बळ एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीजवळ असते, विचुंब्यातील औषधालयाजवळ नसते.

विमा कंपन्या मात्र त्यातून शिकल्या. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने आपल्या सदस्यांना ३१ मार्च २०२३ पासून स्वतंत्र सायबर विमापत्रांत परकीय राजसत्तेच्या पाठबळाने झालेले हल्ले वगळण्याचे कलम घालावयास लावले. आपल्याकडील विमापत्रांच्या शब्दरचनेवर आंतरराष्ट्रीय पुनर्विम्याचा प्रभाव असतो. तेव्हा आपल्या हाती येणाऱ्या विमापत्रात ‘युद्ध’ या शीर्षकाखाली काय काय घातले आहे हे वाचणे अगत्याचे आहे. हल्ला कोणी केला हे ठरविणार कोण आणि ते सिद्ध करण्याचा भार कोणावर, हे प्रश्न त्या परिच्छेदालाच विचारावयाचे असतात.

कायदा काय म्हणतो

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये ‘कलम ४३ अ’ दुरुस्तीने आले आणि ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या ‘निगम संस्थे’ने वाजवी सुरक्षाव्यवस्था ठेवण्यात हयगय केली आणि त्यामुळे कोणाची हानी झाली, तर ती भरपाईस पात्र राहते. ‘निगम संस्था’ म्हणजे मोठी कंपनी असा आपला समज असतो. परंतु त्या कलमाच्या स्पष्टीकरणात भागीदारी संस्था आणि एकल मालकीचा व्यवसायही येतो, आणि ‘व्यापारी किंवा व्यावसायिक कार्य’ असे शब्द आहेत. एप्रिल २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील माहितीत गणले आहे. या दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या की एकट्याने चिकित्सालय चालविणारा वैद्यही त्यांच्या कक्षेत येतो.

या अधिनियमाखालील निवाडा अधिकारी म्हणून महाराष्ट्रात माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव काम पाहतात. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. पुण्याच्या ‘पूना ऑटो अँसिलरीज’ या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये भामट्यांनी इतर खात्यांत वळविले होते. कंपनीच्या चालकांनी बनावट ई-पत्राला उत्तर दिले होते, ही बाब कंपनीच्या विरुद्ध जाणारी होती. तरीही २०१३ मध्ये तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, कारण भामट्यांची खाती उघडताना व व्यवहार होताना बँकेने आवश्यक त्या तपासण्या केल्या नव्हत्या. ज्याचे नुकसान झाले त्याचाही वाटा मोजला गेला आणि ज्याने सुरक्षेत हयगय केली त्याचाही. अशा प्रकरणांत दायित्व बहुधा असेच विभागले जाते. कोणी एक संपूर्ण दोषी आणि दुसरा संपूर्ण निर्दोष, असे क्वचितच घडते.

आता या क्षेत्रात मोठा बदल होऊ घातला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाच्या आहेत. कागदी रुग्णपत्रिका या अधिनियमाच्या कक्षेत नाही, मात्र तिचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढले की ती डिजिटल झाली. वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आणि माहिती फुटल्याचे मंडळाला व संबंधित व्यक्तींना न कळविल्यास दोनशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. दंड ठरविताना उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य व दंडाचा परिणाम पाहावा असे अधिनियमच सांगतो, त्यामुळे लहान चिकित्सालयांनी त्या आकड्यांनी गर्भगळित होण्याचे कारण नाही.

गंभीर आहे ती निराळीच गोष्ट. माहिती गोळा करणारा, म्हणजे वैद्य अथवा औषधालय, हा ‘कोणताही विरुद्ध करार असला तरी’ जबाबदार राहील, असे या अधिनियमाचे आठवे कलम म्हणते. त्याच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कृतीबद्दलही तोच उत्तरदायी. अशा कंपनीला काम द्यावयाचे तर वैध करारानेच द्यावे आणि त्या करारात सुरक्षेच्या तरतुदी असाव्यात, अशीही आज्ञा आहे. थोडक्यात, कायद्याच्या दारात आपण उभे राहणार आणि कंपनीकडून काही वसूल करावयाचे तर ते केवळ करारातून. म्हणजे ज्या कागदावर आपण न वाचता टिचकी मारली, तोच कागद आपले एकमेव शस्त्र ठरणार.

करारातील बारीक अक्षरे

अशा करारांत हानीची वाट अडविणारी कलमे ठराविक असतात. ‘सेवा जशी आहे तशी दिली जाते’ हे पहिले. त्याचा अर्थ, सॉफ्टवेअर सुरक्षित असल्याची कोणतीही हमी नाही. दुसरे दायित्वमर्यादेचे, जे वर आलेच. तिसरे अप्रत्यक्ष हानी वगळण्याचे, आणि येथे बारकाईने पाहावे लागते. करार अधिनियमाच्या ७३ व्या कलमानुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारी हानी भरून मिळते, दूरची मिळत नाही. पण कित्येक करारांत ‘माहितीचा नाश’ हीच अप्रत्यक्ष हानी असल्याचे लिहून टाकलेले असते. रुग्णांची माहिती सांभाळण्यासाठी घेतलेल्या सेवेत माहितीचा नाश अप्रत्यक्ष कसा, हे कोडे कायदेपंडितांनीच उलगडावे!

दायित्वमर्यादेचे सामर्थ्य किती असते हे जुलै २०२४ मध्ये जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणाने १९ जुलै रोजी सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक बंद पडले. हा हल्ला नव्हता, पहारेकऱ्याचीच चूक होती. डेल्टा या विमानकंपनीने पन्नास कोटी डॉलरच्या हानीचा दावा केला. करारानुसार आपले दायित्व एक कोटी डॉलरच्याही आत आहे, असे उत्तर क्राउडस्ट्राइककडून आले. डेल्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दावा लावला, आणि मे २०२५ मध्ये जॉर्जियातील न्यायाधीशांनी ‘घोर निष्काळजीपणा’चा मुद्दा पुढे चालू देण्यास अनुमती दिली. दायित्वमर्यादेची भिंत फोडण्याचा जो थोडा मार्ग असतो तो बहुधा याच शब्दांतून जातो. म्हणून आपल्या करारात ‘घोर निष्काळजीपणा, कपट आणि गोपनीयतेचा भंग यांस ही मर्यादा लागू नाही’ हे वाक्य असावे असा आग्रह धरावा. कंपनीने ते संपूर्ण मान्य केले नाही, तर माहितीच्या सुरक्षाभंगासाठी निराळी आणि मोठी मर्यादा मागावी, उदाहरणार्थ शुल्काच्या पन्नासपट किंवा ठराविक रक्कम. एकट्या वैद्याने मागितले तर कंपनी हसेल. पन्नास चिकित्सालयांच्या वतीने संघटनेने मागितले तर बोलणी होऊ शकतात.

क्षतिपूर्तीच्या कलमाची दिशा तपासावी. पुष्कळ छापील करारांत ग्राहकाने कंपनीची क्षतिपूर्ती करावयाची असते. म्हणजे आपल्या रुग्णाने कंपनीवर दावा लावला तर त्याचा खर्च आपण द्यावयाचा. ही दिशा उलटवून घ्यावी, निदान परस्पर तरी करावी. करार अधिनियमाचे १२४ वे कलम वचन देणाऱ्याच्या अथवा इतर कोणाच्या वर्तनाने झालेली हानी भरून देण्याच्या करारास क्षतिपूर्तीचा करार म्हणते. आधी पदरचे पैसे भरावे लागतात काय, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा १९४२ चा गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री हा निर्णय अद्याप मार्गदर्शक मानला जातो. जमिनीच्या व्यवहारातून उद्भवलेल्या त्या दाव्यात न्यायमूर्ती छागला यांनी असे ठरविले की दायित्व निश्चित झालेले असल्यास, प्रत्यक्ष पैसे भरण्यापूर्वीही, ते फेडण्याची मागणी क्षतिपूर्तीचे वचन देणाऱ्याकडे करता येते. ज्याच्यापाशी चार लाख रोकड नाही त्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे.

‘अपरिहार्य आपत्ती’ या कलमात भूकंप, पूर, दंगल यांच्या जोडीला अलीकडे ‘संगणकीय हल्ला’ हे शब्द हळूच घातलेले आढळतात. सुरक्षा हीच ज्याची सेवा, त्याने हल्ल्यालाच दैवी आपत्ती म्हणावे, हे रखवालदाराने चोरी ही ईश्वरेच्छा म्हणण्यासारखे झाले. ते शब्द खोडावेत, अथवा कंपनीने ठरलेली सुरक्षाव्यवस्था पाळलेली असल्यासच तिला सवलत मिळेल असे लिहून घ्यावे.

सूचनेच्या मुदतीकडेही आपले दुर्लक्ष होते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. नव्या नियमांप्रमाणे मंडळाला विनाविलंब आणि तपशीलवार माहिती बहात्तर तासांत द्यावयाची आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात मात्र ‘वाजवी वेळेत ग्राहकास कळवू’ असे मोघम वाक्य असते. आपणांसच कळले नाही तर आपण कोणास कळविणार? येथे तास लिहावेत. याशिवाय करार संपल्यावर आपल्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळणे, न्यायक्षेत्र परराज्यातील शहरात नसणे, आणि कंपनीचा स्वतःचा दायित्वविमा असून त्याचे प्रमाणपत्र दरवर्षी मिळणे, या बाबीही पाहाव्यात. शेवटची विशेष महत्त्वाची. लहान कंपनीने अमर्याद दायित्व पत्करले तरी तिच्यापाशी मालमत्ताच नसेल तर तो कागद कोरडाच.

विमापत्र आणि त्याचे पथ्य

आपल्यापैकी बहुतेकांजवळ व्यावसायिक दायित्वाचा विमा असतो. तो चिकित्सेतील निष्काळजीपणासाठी असतो. माहिती फुटल्याची हानी त्यात येईलच असे गृहीत धरू नये. बँकेच्या भ्रमणध्वनी ॲपवर मिळणारी वैयक्तिक सायबर विमापत्रेही सामान्यतः व्यवसायातील हानी वगळतात. व्यवसायासाठीचे सायबर विमापत्र निराळे घ्यावे लागते, आणि त्याचे दोन भाग पडतात. एक स्वतःच्या हानीचा: माहिती परत मिळविणे, तज्ज्ञांचे शुल्क, कामबंदीचे नुकसान, रुग्णांना कळविणे. दुसरा इतरांच्या दाव्यांचा: वकील आणि भरपाई. कामबंदीच्या नुकसानीसाठी काही तासांचा प्रतीक्षाकाळ असतो, तो आपल्या व्यवसायाला परवडणारा आहे का ते पाहावे. फसव्या पत्राला भुलून केलेल्या रकमेच्या हस्तांतरणासाठी बहुधा लहानशी उपमर्यादा असते. औषधालयांनी तिकडे विशेष लक्ष द्यावे, कारण घाऊक व्यापाऱ्याच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा संदेश येणे हा त्यांच्या बाबतीत संभवनीय धोका आहे.

करार आणि विमापत्र यांचा एक सांधा फारसा कोणी पाहत नाही. कायद्याने जे दायित्व येत नाही ते आपण करारात होऊन पत्करले असेल, तर ‘करारातून पत्करलेले दायित्व’ या अपवर्जनाखाली विमा कंपनी ते नाकारू शकते. एखाद्या रुग्णालयाशी अथवा आरोग्यसेवा पुरविणाऱ्या कंपनीशी जोडून घेताना आपण मोठ्या क्षतिपूर्तीचे वचन देऊन बसतो आणि पाठीशी विमा आहे असे समजतो. प्रत्यक्षात त्या वचनापुढे आपण उघडेच असतो. यास्तव करारावर सही करण्यापूर्वी तो विमा सल्लागारास दाखवावा, नंतर नव्हे.

प्रस्तावपत्रातील उत्तरांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. विमा हा परमविश्वासाचा करार. मेडिक्लेमच्या प्रस्तावात मधुमेह व वृक्कविकार दडविल्यामुळे दावा नाकारणे योग्य होते असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंत कौर संधू प्रकरणात २००९ मध्ये ठरविले, हे रुग्णांना समजावून सांगणारे आपण, स्वतःच्या संगणकाची प्रकृती सांगताना मात्र प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ लिहून मोकळे होतो. बॅकअप वेगळा ठेवता का? होय. दुहेरी पडताळणी आहे का? होय. सॉफ्टवेअर अद्ययावत असते का? होय. ती ‘होय’ पुढे महाग पडतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस या कंपनीवर २०२२ मध्ये खंडणीचा हल्ला झाला. दुहेरी पडताळणी सर्वत्र असल्याचे प्रस्तावात लिहिले होते, प्रत्यक्षात ती तशी नव्हती. ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने न्यायालयात धाव घेतली आणि विमापत्र रद्द झाल्याचे अखेर उभयतांनी मान्य केले. त्यापूर्वी कॅलिफोर्नियातील कॉटेज हेल्थ या रुग्णालयसमूहाच्या सुमारे साडेबत्तीस हजार रुग्णांच्या नोंदी २०१३ मध्ये इंटरनेटवर उघड्या राहिल्या होत्या. रुग्णांशी एकेचाळीस लाख पंचवीस हजार डॉलरची तडजोड झाल्यावर विमा कंपनीने २०१५ मध्ये ती रक्कम परत मागणारा दावा लावला. प्रस्तावात सांगितलेली किमान सुरक्षा पाळली नाही, हे कारण. आधी मध्यस्थीचा मार्ग न चोखाळल्यामुळे तो दावा त्या वेळी काढून टाकला गेला, पण विमा आहे म्हणून निश्चिंत असलेल्या रुग्णालयाला आपल्याच विमा कंपनीशी झगडावे लागले, हे खरे.

विमा हे औषध आणि सुरक्षेच्या अटी हे त्याचे पथ्य, असे म्हणता येईल. पथ्य न पाळता औषधाला दोष देणारे रुग्ण आपण रोज पाहतो. बॅकअपची प्रत संगणकापासून तोडून ठेवणे, स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला सर्व नोंदी खुल्या न ठेवणे, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करणे, ही कामे फुकटची आहेत. ती केल्याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी. दाव्याच्या वेळी त्या वहीचा उपयोग होतो.

हानी झाल्यावर पहिल्याच तासांत विमा कंपनीला लेखी कळवावे. तिच्या पूर्वसंमतीशिवाय खंडणी देणे, तज्ज्ञ नेमणे किंवा रुग्णास ‘आमची चूक झाली, भरपाई देऊ’ असे लिहून देणे टाळावे. रुग्णाला घटना सांगणे हे कर्तव्य आहे, दायित्व कबूल करणे ही निराळी गोष्ट. तसेच ही विमापत्रे बहुधा ‘दावा ज्या काळात आला’ त्या तत्त्वावर चालतात. मार्चमध्ये माहिती फुटली आणि रुग्णाची नोटीस पुढील जानेवारीत आली, तर जानेवारीत चालू असलेले विमापत्र पाहिले जाते. कंपनी बदलताना पूर्वलक्षी तारीख जुनीच राहील हे लेखी घ्यावे, अन्यथा मधल्या काळातील घटना दोन्ही विमापत्रांच्या बाहेर पडते.

विमा कंपनीने दावा नाकारल्यास एकल मालकीच्या व सूक्ष्म व्यवसायांना विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. व्यवसायासाठी घेतलेला विमा म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे, असा बचाव विमा कंपन्या करीत असत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्स प्रकरणात तो अमान्य केला. विमा नफा मिळविण्यासाठी नसून हानी भरून काढण्यासाठी असतो, असे न्यायालयाचे म्हणणे.

रुग्णाची बाजू मात्र नव्या व्यवस्थेत काहीशी दुबळी होणार आहे. नव्या अधिनियमाखालील दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो, रुग्णाच्या हाती त्यातील काही पडत नाही, आणि त्या तरतुदी लागू होताच भरपाईचे ‘कलम ४३ अ’ वगळले जाणार आहे. मग आपली वैद्यकीय माहिती उघड झालेला रुग्ण ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयाकडे वळेल, आणि तेथे तो ज्याला ओळखतो त्याच्याच नावाने तक्रार लिहील. सॉफ्टवेअर कंपनीचे नाव त्याने कधी ऐकलेले नसते. मे २०२७ पूर्वी ज्यांच्या सॉफ्टवेअरचे नूतनीकरण येते, त्यांनी त्याच वेळी जुना करार बदलून घ्यावा. वार्षिक शुल्क भरण्यापूर्वीचा महिना हाच वाटाघाटीचा काळ असतो, शुल्क भरल्यावर कंपनीचा प्रतिनिधी दूरध्वनी उचलत नाही.